शुगरबीटचं बियाणं: पाकिटावर तीन दावे, माझ्याकडे वीस गुंठे

बियाण्याच्या दुकानात मी चौदा वर्षं गल्ल्याशेजारी उभा राहिलोय. त्यामुळे पाकिटाची पुढची बाजू मी सहसा वाचतच नाही. पुढे फोटो असतो आणि फोटोत कधीच अळी नसते. वाचायची ती मागची बाजू: उगवणक्षमता, तपासणीची तारीख, मुदत, लॉट नंबर. या शुगरबीटच्या पाकिटाची मागची बाजू एकदम चोख होती. घोळ पुढच्या बाजूला होता. तिथे तीन ओळी होत्या: रोगाला सहनशील, पाण्याच्या ताणात तग, काढणीनंतर उत्तम टिकवण.

एक हंगाम करून पाहिला. ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी: पाण्याच्या ताणात पास, रोगात काठावर, टिकवणीत नापास. म्हशींनी मात्र पैकीच्या पैकी दिले. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानात ‘गोळीवालं शुगरबीट’ एवढं म्हटलं तरी काय ते कळतं.

माझं वावर अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. काळीभोर जमीन, विहीर बरी, दावणीला सहा म्हशी. मार्च ते मे हिरवा चारा म्हणजे सोनं. मका करायचा तर पाणी बदाबदा लागतं, आणि नुसत्या कडब्यावर आणि सरकीच्या ढेपेवर म्हैस दूध देते पण मनापासून नाही. म्हणून बीट. साखरेसाठी नाही, हे आधीच सांगतो, कारण गावात निम्म्या लोकांनी ‘कोणता कारखाना घेणार?’ हेच विचारलं. कोणताच नाही. उसाचा कारखाना ऊस चरकात पिळतो. बीट पिळत नाहीत, त्याच्या पातळ चकत्या गरम पाण्यात ठेवून साखर काढून घेतात. त्याला यंत्रं वेगळी. शिवाय उसाचं बगॅस, म्हणजे पिळून उरलेला चोथा, जाळून कारखाना स्वतःचा बॉयलर चालवतो, बीटाला बगॅसच नाही. राजस्थानात श्रीगंगानगरच्या कारखान्यात मात्र १९७०च्या दशकात बीटाची साखर काढत होते.

आता बियाणं. एका युनिटात १ लाख दाणे. आम्ही चौघांनी मिळून एक घेतलं, माझ्या वाट्याला २५ हजार आले. दाणा म्हणजे लहान मुलांच्या बडीशेपेच्या रंगीत गोळीसारखा, गुळगुळीत, नारिंगी. एक गोळी वाटीत पाण्यात टाकली. दहा मिनिटांत लेप सुटला, पाणी नारिंगी झालं आणि तळाला उरला एक तपकिरी, सुरकुतलेला, चपटा दाणा. लेपात बुरशीनाशक आणि कीटकनाशक असतं, म्हणून ती वाटी मी पुन्हा घरात आणली नाही. गोळ्याही हातमोजे घालूनच हाताळा.

ज्यांनी पालकाचं बी हातात घेतलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. आपला पालक हा बीटाचा सख्खा भाऊ. पालकाचं बी म्हणजे एक काटेरी गाठ, आणि एका गाठीतून दोन-तीन रोपं एकमेकांच्या गळ्यात पडून उगवतात. बीटाचंही पूर्वी तसंच होतं. म्हणजे विरळणी हातानं, बसून, एकेक रोप उपटत. सावित्स्की नावाच्या शास्त्रज्ञाला १९४८ साली अमेरिकेत ऑरेगॉनच्या शेतात एका गाठीला एकच दाणा येणारी मोजकी झाडं सापडली. आज जगात बीटाचं जे एकदाणी बी मिळतं, त्यातलं बहुतेक त्या झाडांच्या वंशातलं. या एका गोष्टीसाठी मी पाकिटाला डोळे झाकून गुण देतो. विरळणीची मजुरी वाचली हे विसरू नका. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत विरळणीला बाई मिळणं म्हणजे लॉटरी.

पेरणी २८ ऑक्टोबरला, वरंब्यावर, ठिबकवर, दोन ओळींत दीड फुटाहून थोडं जास्त अंतर आणि दोन दाण्यांत वीतभर. खोली जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी. ज्यांनी खोल टोचलं (आमच्या चौघांतला एक, तो स्वतःच वाचेल) त्यांचं निम्मं उगवलंच नाही. काळ्या जमिनीवर पापुद्रा धरला की हे नाजूक पीक वर येत नाही. माझं सातव्या दिवशी ओळीत दिसायला लागलं. शंभर खड्डे मोजले, ८३ उगवले. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा कमी, पण वावरात इतकं कमी-जास्त चालायचंच.

एक चूक माझी. अर्धवट कुजलेलं शेणखत पेरणीआधी टाकलं. त्या पट्ट्यातल्या मुळांना तीन-तीन पाय फुटले. शेजारचे आप्पा बांधावरून म्हणाले, “हाई मुया शे का बीट शे?” मी म्हटलं, “अप्पा, हाई चड्डी शे.” खत टाकायचं तर आधीच्या पिकाला टाका.

पाण्याचा ताण

हा दावा मी मुद्दाम तपासायला गेलो नव्हतो. जानेवारीच्या शेवटी विहिरीतली मोटर जळाली. रिवाइंडिंग करून आणली, ती चौथ्या दिवशी पुन्हा जळाली. एकूण २३ दिवस वावराला पाणी नाही. दुपारी बाराला पानं जमिनीवर अशी पडायची की जणू कोणी वरून पाटा फिरवलाय. पहिल्या दिवशी मी घाबरलो. सकाळी जाऊन पाहतो तर पुन्हा उभी. पंधरा दिवस हाच खेळ. नंतर बाहेरची पानं पिवळी पडून वाळली, पण मधला गाभा हिरवा राहिला. मोटर सुरू झाली आणि आठवड्यात नवी पानं आली.

उत्सुकता म्हणून एका झाडाशेजारी टिकावानं खड्डा घेतला. गाजरासारखा भाग वीतभर, आणि त्याखाली सुतळीएवढं मूळ सरळ खाली गेलेलं. माझ्या कमरेपर्यंत खणलं तरी मुळाचं टोक लागलं नाही, मीच थांबलो. काळ्या जमिनीत खाली जी ओल असते, ती दादरला, म्हणजे आमच्या रब्बी ज्वारीला, माहीत आहे आणि बीटालाही.

पण दादरशी तुलना केली की बीटाची फुशारकी जरा उतरते. दादर आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतो आणि नंतर तिला पाण्याचा थेंब दाखवत नाही. बीटाला पहिले चाळीस दिवस नियमित पाणी लागतंच. तेव्हा जर मोटर जळाली असती तर हे लिहायला काही उरलं नसतं. ‘ताणात तग’ या शब्दांपुढे ‘मूळ खाली गेल्यावर’ असं बारीक अक्षरात छापायला हवं होतं.

बीटाची पैदास करणारे लोक हा गुण कसा निवडतात ते वाचून मला हसू आलं. इंग्लंडात ब्रूम्स बार्न नावाचं बीटाचं जुनं संशोधन केंद्र आहे. तिथे वावरावर प्लॅस्टिकचं छत करून पाऊस अडवला आणि कोणता वाण कोरडा पडल्यावर कमी घटतो ते पाहिलं. पाऊस अडवायला छत! तेवढा खर्च आमच्याकडे येऊन वाचला असता. गमतीचा भाग सोडा, पण ते काम अवघड असतं, कारण ताण सोसणं हा एका जनुकाचा खेळ नाही. मूळ, पानांची ठेवण, पेशीत साठणारी द्रव्यं, सगळं मिळून होतं. त्यातलं एक द्रव्य म्हणजे बीटेन. ते पहिल्यांदा बीटाच्याच रसात सापडलं, म्हणून नावातच बीट.

रोग

पाकिटावर दोन रोगांची नावं होती: रायझोमेनिया आणि सर्कोस्पोरा. सर्कोस्पोरा म्हणजे पानावरचे गोल ठिपके, राखाडी मध्य आणि लालसर कड. माझ्याकडे फेब्रुवारीत पालकाच्या वाफ्यात ठिपके भरपूर होते, शेजारच्या बीटावर तुरळक. म्हणजे हा दावा खरा निघाला असं मी धरतो. शंभर वर्षांपूर्वी इटलीत मुनेराती नावाच्या माणसानं पो नदीच्या मुखाशी उगवणारं जंगली समुद्री बीट शेतातल्या बीटाशी संकरित केलं. ठिपक्यांना दाद न देण्याचा गुण तिथून आला. खाऱ्या वाऱ्यात, वाळूत उगवणारं रानटी झुडूप, मूळ लाकडासारखं, साखर नावाला. तरी शेतातल्या बीटानं त्याच्याकडून गुण उसना घेतला.

रायझोमेनियाची गोष्टही तशीच. हा मुळाचा विषाणू, जमिनीतल्या एका सूक्ष्म जीवाच्या पाठीवर बसून येतो. मुळाला दाढी फुटते आणि साखर निम्म्यावर येते. १९५०च्या दशकात इटलीत दिसला आणि युरोपभर पसरला. त्यावर पहिलं जनुक मिळालं १९८०च्या दशकात, अमेरिकेतल्या होली नावाच्या साखर कंपनीच्या बीटात. दुसरं मिळालं डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या रानटी बीटात. पहिलं जनुक एकट्यावर सोडलं तर काही ठिकाणी विषाणूनं त्यावर मात केली, म्हणून आता दोन्ही एका वाणात घालतात. हे सगळं उत्तम. पण माझ्या वावरात एकाही मुळाला दाढी नव्हती.

माझ्या वावरात काय होतं? फेब्रुवारीच्या शेवटी काही झाडं दुपारी पडली आणि सकाळी उठलीच नाहीत. ओढली तर मूळ पिचपिचीत, मानेभोवती पांढरी कापसासारखी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ज्यांनी भुईमूग केलाय त्यांना वेगळं सांगायला नको, स्क्लेरोशियम. गेल्या उन्हाळ्यात त्याच पट्ट्यात माझा भुईमूग होता. हे दाणे जमिनीत पडून राहतात आणि ऊन आणि ओल एकत्र मिळाली की जागे होतात. मध्यभारतात आणि दक्षिणेत बीटाचा मोठा वैरी हाच. आणि पाकिटावर याचं नावच नाही! असणार कसं? ज्या थंड देशात हा वाण घडला तिथे या बुरशीचा कोणाला फारसा त्रास नाही. माझी अंदाजे बारा झाडांत एक गेली. पुढच्या वेळी भुईमुगाच्या वावरात बीट नाही, दादरच्या किंवा मक्याच्या वावरात.

आणखी एक घोटाळा झाला. काही झाडांचा मधला गाभा काळा पडला. मी रोग समजून फवारायला निघालो होतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेला भाचा फोटो पाहून म्हणाला, “मामा, बुरशी नाही, बोरॉन कमी पडलंय.” बोरॅक्सचं पाणी दिलं, नवी पानं नीट आली. हा दोष वाणाचा नाही.

अळीबद्दल पाकीट गप्प आहे आणि ते प्रामाणिक आहे. कापसावरची ती पानं खाणारी स्पोडोप्टेरा डिसेंबरात आली आणि दोन रात्रींत चाळण करून गेली. रात्री टॉर्च घेऊन वेचल्या, निंबोळी अर्क मारला.

टिकवण

इथे मी फसलो, आणि मजा म्हणजे पाकीट खोटं बोललं नव्हतं.

विहिरीजवळचा तुकडा तिळासाठी मोकळा करायचा होता. १० मार्चला तिथलं पंधरा क्विंटल बीट एकदम काढलं. पानं छाटली, माती झटकली, निंबाखाली ढीग घातला, वरून कडबा आणि ओली पोती. साक्रीकडे माझ्या साडूची कांदाचाळ आहे. रांगडा नाही, उन्हाळी कांदा सहा-सहा महिने राहतो. माझ्या डोक्यात तेच चित्र. खाली हवा, वर सावली, झालं.

खूण म्हणून एका पाटीत २० किलो वेगळं भरून ढिगाच्या मध्यात ठेवलं होतं. सहाव्या दिवशी ढिगात हात घातला तर कोमट. म्हशीचा ताप मोजायचा थर्मामीटर खुपसला, पारा ३९वर गेला. निंबाच्या सावलीतल्या ढिगाला ताप! नवव्या दिवशी माय अंगणातून ओरडली, “दारूना वास येस रे, कोठून येस?” बाराव्या दिवशी पाटी वजनकाट्यावर ठेवली, साडेचौदा किलो. तळातली मुळं काळी, वरची मनुक्यासारखी सुकलेली. रसाचा गोडवा मोजायचा ब्रिक्स मीटर लावला तर आकडा काढणीच्या दिवशीच्या १८वरून २२वर! क्षणभर वाटलं, साखर वाढली. वाढली कसली, पाणी उडालं की उरलेला रस दाट होतो आणि आकडा फुगतो. मीटर एकटा पाहिला तर सडका ढीगही गोड दिसतो, हे दुकानदारांनी आणि भाच्यांनी लक्षात ठेवावं.

कांदा आणि बीट यांत फरक काय ते मला तेव्हा कळलं. कांदा काढला की झोपतो. त्याला सुप्तावस्था असते, वर कोरडी टरफलं असतात. बीट झोपत नाही. ते दोन वर्षांचं झाड आहे, पहिल्या वर्षी साखर साठवायची आणि थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी फुलायचं. उपटलं तरी ते जिवंतच असतं, श्वास घेतं, आणि श्वासासाठी स्वतःचीच साखर जाळतं. जितकं ऊन तितका श्वास वेगानं. जाळताना उष्णता निघते, ढीग तापतो, तापला की आणखी जाळतं. जिथे साल खरचटलेली असेल तिथून बुरशी आत शिरते.

अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या मधल्या रेड रिव्हरच्या खोऱ्यात बीटाचे ढीग उघड्यावर घालतात, दुमजली घराएवढे उंच. ऑक्टोबरात काढायचं आणि हिवाळाभर ढिगातून कारखाना चालवायचा. तिथे उणे वीस तापमान असतं, ढिगातून पाइपनं थंड हवा सोडतात. टिकवणीसाठी पैदास करणारे लोक अशा हवेसाठी वाण निवडतात. मुळं काढायची, थंड कोठीत कित्येक आठवडे ठेवायची, श्वास किती घेतात ते मोजायचं, मुद्दाम बुरशी लावून किती सडतं ते पाहायचं, आणि शेवटी टनामागे साखर किती उरली ते धरायचं. एका वाणाचा निकाल लागायला हंगाम आणि वर हिवाळा. मेहनतीचं काम आहे आणि मला त्याचा आदर आहे. म्हणजे ‘उत्तम टिकवण’ हे खरंच. फक्त ते थंड कोठीतलं उत्तम. अमळनेरात मार्चमध्ये दुपारी चाळीस, मेमध्ये पंचेचाळीसला टेकतं. इथे बीट दोन दिवसांत कापून गव्हाणीत गेलं पाहिजे, एवढंच त्याचं टिकणं.

तेव्हा उरलेल्या बीटाचं काय? दोन गोष्टी चालल्या. एक, मी ते काढलंच नाही. जमिनीतच राहू दिलं, आठवड्याला एक हलकं पाणी, आणि रोज सकाळी लागेल तेवढं उपटायचं. १५ मेपर्यंत हे चाललं. नंतर जमीन तापून मुळं कडक, तंतुमय झाली आणि सडीचं प्रमाण वाढलं.

दुसरी गोष्ट मायनं सुचवली. गच्चीवर तिचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. माझा सडका ढीग पाहून ती म्हणाली, “आते जे चांगलं शे ते काप आणि उनमा टाकी दे.” ढिगातलं बरं निवडून काढलं, कुट्टी मशीनमध्ये चकत्या केल्या, बिबड्यांच्या शेजारी जुन्या साड्यांवर पसरल्या. तीन दिवसांत कडकडीत. शंभर किलोच्या साधारण पंचवीस किलो झाल्या, पोत्यात भरल्या, वास गुळकट. मुंग्यांसाठी पोत्याखाली राखेची रेघ ओढली. ज्या उन्हानं ढीग मारला, त्याच उन्हानं हे काम फुकटात केलं.

म्हशी

सुरुवात किलो-दोन किलोनं, मग हळूहळू माझ्या म्हशींना रोज दहा किलोपर्यंत. तुकडे करूनच, अख्खं बीट घशात अडकतं. पहिल्याच आठवड्यात पुतण्यानं लाडानं एका म्हशीपुढे बादलीभर ओतलं. ती दोन दिवस पातळ शेण टाकत उभी राहिली, रवंथ बंद, डॉक्टर बोलवावा लागला. साखर आहे ती, चारा नाही. पानं ताजी घालू नका, दिवसभर सुकवून आणि थोडीच घाला, त्यात ऑक्झॅलेट असतं. कडबा सोबत हवाच. डेअरीच्या चिठ्ठीवर माझ्या म्हशींचं फॅट ६.८च्या आसपास असायचं, एप्रिलमध्ये ७ ते ७.२ दिसलं. ढेपेचं एक पोतं महिन्याला कमी लागलं. एका गुंठ्याचं वजन करून पाहिलं, ४८० किलो भरलं.

बीटाचा गूळही करून पाहिला. काळा झाला, मातकट वास आला, आणि त्यातला निम्मा म्हशींनी संपवला. निम्मा त्यांनीही सोडला.

घ्यावं का?

चारा म्हणून, विहीर असेल तर, दहा गुंठ्यांपासून सुरुवात करा. माझे पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मी एका गोष्टीसाठी कापलाय: बी घरचं धरता येत नाही. बीटाला फुलोऱ्यावर यायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते. आपल्याकडे भारतीय ऊस संशोधन संस्थेनं बीटाच्या बियाण्याचं काम उत्तराखंडात मुक्तेश्वरच्या डोंगरात ठेवलंय ते त्यामुळेच. माझ्या वीस गुंठ्यांत फक्त एका झाडानं फुलाचा दांडा काढला आणि तोही मेच्या आत करपला. माझ्या आजीनं भरताच्या वांग्याचं बी चाळीस वर्षं चिंधीत बांधून ठेवलं होतं. इथे दर वर्षी पाकीट आणि दर वर्षी नारिंगी गोळी. वर ते संकरित असतं, म्हणून धरलं तरी उपयोग नाही.

दुकानात गेलात तर विक्रेत्याला रायझोमेनियाचं विचारू नका, तो पाठ म्हणून दाखवेल. स्क्लेरोशियमच्या जमिनीत हा वाण कुठे लावून पाहिलाय का, आणि महाराष्ट्रात कुठे, हे विचारा. मी विचारलं होतं. तो म्हणाला, कंपनीला विचारून सांगतो. अजून विचारतोय.

वाळलेल्या चकत्यांची शेवटची दोन पोती मृगात फोडली. पाऊस लागलेला, कडबा ओला, आणि म्हशी गव्हाणीतून तोंड काढेनात. यंदा गच्चीची अर्धी जागा बिबड्यांना आणि अर्धी बीटाला, असं मायनं आत्ताच सांगून ठेवलंय. साड्या मात्र मी माझ्या आणायच्या.